डॉ. भाऊ दाजी लाड आणि कडू कवठाचे तेल: त्वचारोगाच्या रुग्णांनी जाणून घ्यावे असे एक चरित्र

अंगावर फिकट किंवा पांढरा चट्टा दिसला की बहुतेक घरांत आधी काळजी सुरू होते, मग सल्ले. कोणी बावचीचे तेल लावून उन्हात बसायला सांगते, कोणी कडू कवठाचे तेल आणून देते, कोणी गावोगाव फिरणाऱ्या वैद्याची बिनलेबलाची बाटली हातात ठेवते. हिंगोली, वसमत, कळमनुरी, औंढा, सेनगाव, कुठेही राहत असाल तरी हा अनुभव तुम्हाला नवा नसेल. अलीकडे त्यात ‘नॅनो’ असे छापलेल्या क्रीमचीही भर पडली आहे.

या तेलांत खरेच काही असते का? काहींमध्ये असते. मग डॉक्टर ती सरसकट का देत नाहीत? याचे उत्तर समजून घ्यायला एका मराठी डॉक्टरांचे चरित्र उपयोगी पडते. त्यांचे नाव डॉ. भाऊ दाजी लाड. मुंबईच्या राणीच्या बागेतील वस्तुसंग्रहालयाला त्यांचे नाव आहे, म्हणून ते तुम्ही ऐकले असेल. ते कुष्ठरोगावर एका वनस्पतीच्या तेलाने उपचार करत, ही गोष्ट मात्र फार कमी लोकांना माहीत असते.

गोव्यातून मुंबईत

भाऊ दाजींचे मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. त्यांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात गोव्यातील पेडणे भागातल्या मांद्रे येथे झाला. घरची परिस्थिती बेताची होती. वडील मुलाला घेऊन मुंबईत आले. लहानपणी भाऊ बुद्धिबळ फार चांगले खेळत. त्यांची हुशारी पाहून एका इंग्रज गृहस्थाने मुलाला इंग्रजी शिकवा असे वडिलांना सुचवले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते.

त्यांचे शिक्षण एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये झाले आणि पुढे काही काळ त्यांनी तिथेच शिकवलेही. काठेवाड आणि कच्छ भागात मुलींना जन्मतःच मारून टाकण्याची जी प्रथा होती, तिच्यावर त्यांनी निबंध लिहिला आणि त्याला बक्षीस मिळाले. माणसाच्या दुःखाकडे पाहायचे, त्याची माहिती गोळा करायची आणि ती लिहून सर्वांसमोर ठेवायची, ही सवय त्यांना तरुणपणीच लागली होती.

१८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. शेजारीच जमशेटजी जीजीभाई रुग्णालय, म्हणजे आजचे जे. जे. रुग्णालय, उभे राहिले. पाश्चात्त्य वैद्यक शिकायला आलेल्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी होते. १८५१ मध्ये ही तुकडी बाहेर पडली. त्या काळी प्रेताला हात लावून शरीर शिकणे हेच समाजाच्या दृष्टीने मोठे धाडस होते. भाऊ दाजी एवढ्यावर थांबले नाहीत. त्यांना संस्कृत उत्तम येत होते, त्यामुळे जुन्या आयुर्वेदाच्या ग्रंथांत कोणत्या रोगावर कोणती वनस्पती सांगितली आहे, तेही ते वाचू लागले.

डॉक्टर झाल्यावर त्यांचा व्यवसाय झपाट्याने वाढला. धाकटे भाऊ नारायण दाजी हेही डॉक्टर होते. दोघा भावांनी गरिबांसाठी धर्मादाय दवाखाना चालवला. श्रीमंत घरांत त्यांना मान होता आणि गरिबांनाही त्यांचे दार उघडे होते.

सगळे खुले ठेवणारा माणूस

भाऊ दाजींचे आयुष्य दवाखान्यापुरते नव्हते. १८५२ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनच्या कामात ते पुढे होते. मुलींच्या शिक्षणाला त्यांनी पाठबळ दिले. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा त्याच्या पहिल्या फेलोंमध्ये त्यांचे नाव होते. १८६९ आणि १८७१ असे दोनदा ते मुंबईचे शेरीफ झाले.

१८६२ मध्ये मुंबईत गाजलेल्या महाराज लायबल खटल्यात त्यांनी पत्रकार करसनदास मुळजी यांच्या बाजूने साक्ष दिली. समोर एका पंथाचे बलाढ्य धर्मगुरू होते. डॉक्टर म्हणून जे माहीत होते, ते त्यांनी न्यायालयात सांगितले.

आपल्या मराठवाड्याशी त्यांचा संबंध अजिंठ्याच्या निमित्ताने येतो. अजिंठ्याच्या लेण्यांतील शिलालेख त्यांनी वाचले, त्यांच्या नकला आणि भाषांतरे छापली. कालिदास, आर्यभट, वराहमिहिर यांच्या काळाबद्दल त्यांनी लेख लिहिले. जुनी नाणी आणि हस्तलिखिते जमवली. या कामाची पद्धत लक्षात घ्या. शिलालेखाची नक्कल समोर ठेवायची, आपले वाचन सांगायचे, आपला निष्कर्ष मांडायचा. म्हणजे दुसरा अभ्यासक तोच लेख पाहून त्यांची चूक दाखवू शकत होता. पुढे अनेक वाचने सुधारलीही गेली, आणि त्यात कमीपणा काहीच नव्हता. ज्ञान असेच पुढे जाते.

भायखळ्याचे वस्तुसंग्रहालय उभे करण्यासाठी त्यांनी जॉर्ज बर्डवुड यांच्याबरोबर खूप कष्ट घेतले. १८७२ मध्ये ते लोकांसाठी उघडले. त्याचे पहिले नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. १९७५ मध्ये मुंबई महापालिकेने त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव दिले.

कुष्ठरोग आणि कडू कवठ

आता त्यांच्या वैद्यकीय कामाकडे येऊ. त्या काळच्या मुंबईत कुष्ठरोगाचे रुग्ण रस्त्यावर, देवळांबाहेर, धर्मशाळांत दिसत. हा रोग कशाने होतो ते कोणालाच माहीत नव्हते. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने जगभरातून माहिती मागवून १८६७ मध्ये अहवाल काढला, त्याचाही कल हा रोग संसर्गजन्य नसून आनुवंशिक असल्याकडेच होता. मुंबईतच हेन्री व्हँडाइक कार्टर नावाचे डॉक्टर या रोगाचा चिकाटीने अभ्यास करत होते. वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ या प्रसिद्ध ग्रंथातली मूळ चित्रे काढणारे ते हेच. नॉर्वेत डॉ. हॅन्सन यांनी कुष्ठरोगाचा जंतू पाहिला तो १८७३ मध्ये, म्हणजे भाऊ दाजींच्या मृत्यूच्या जेमतेम एक वर्ष आधी.

उपाय नाही, कारण माहीत नाही आणि समाज रुग्णाला घराबाहेर काढतो, अशा स्थितीत भाऊ दाजींनी एका तेलाने उपचार सुरू केले. हे तेल कडू कवठ या झाडाच्या बियांचे होते. काही भागांत त्याला खष्ट किंवा कवटी असेही म्हणतात. आपल्या खाण्यातले कवठ ते हे नव्हे. हे झाड सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर, कोकण-गोव्यापासून केरळापर्यंत आढळते. त्याचे फळ गोल आणि कठीण कवचाचे असते, आत तेलकट बिया असतात. सुश्रुतसंहितेत पश्चिम समुद्राच्या किनाऱ्यावर वाढणाऱ्या तुवरक नावाच्या झाडाचे तेल कुष्ठावर सांगितले आहे. तुवरक म्हणजे हेच झाड, असे अभ्यासक मानतात.

भाऊ दाजींच्या रुग्णांपैकी काहींना सुधारणा दिसली आणि त्यांचे नाव दूरवर गेले. आज मागे वळून पाहता ती सुधारणा समजण्यासारखी आहे. कडू कवठाच्या तेलात काही विशेष स्निग्धाम्ले असतात आणि कुष्ठरोगाच्या जंतूच्या जातकुळीतील जंतूंची वाढ ती काही प्रमाणात रोखतात. पण कुष्ठरोग अतिशय मंद गतीने चालतो. त्याचे काही प्रकार औषधाशिवायही काही काळ निवळलेले दिसतात. त्यामुळे कोणाला तेलाने फरक पडला आणि कोणाला आपोआप, हे ठरवायला पुष्कळ रुग्ण, बरीच वर्षे आणि एकापेक्षा जास्त डॉक्टरांचे डोळे लागतात.

जे सांगितले गेले नाही

इथेच या चरित्रातली दुखरी जागा आहे. आपण कोणते तेल वापरतो, ते भाऊ दाजींनी जाहीर केले नाही. त्यांच्या हयातीत ते औषध गुप्तच राहिले. याबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली. ३१ मे १८७४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे तेल कडू कवठाचे होते, हे त्यानंतर उघड झाले.

त्यांनी असे का केले असेल, याचे अनेक तर्क करता येतील. प्रयोग अजून पूर्ण झाले नाहीत असे त्यांना वाटले असेल. त्या काळात अनेक वैद्य आणि डॉक्टर स्वतःची खास औषधे गुप्त ठेवत, तसा तो रिवाजच होता. भाऊ दाजींच्या हेतूवर शंका घ्यावी असे त्यांच्या बाकीच्या आयुष्यात काही नाही. शिलालेख, नाणी, पोथ्या, संग्रहालय, सगळे त्यांनी लोकांसमोर मांडले.

पण तुम्ही रुग्णाच्या जागी राहून विचार करा. औषधाचे नाव कळले नाही, म्हणून दुसऱ्या डॉक्टरला ते वापरून पाहता आले नाही. मात्रा किती, किती दिवस, कोणाला त्रास झाला, कोणाचा रोग परत आला, याची तपासणी इतरांना करता आली नाही. शिलालेखाचे चुकीचे वाचन दुसऱ्याने सुधारले, तसे या औषधाचे होऊ शकले नाही. एका मोठ्या डॉक्टरची वर्षानुवर्षांची मेहनत त्यांच्याबरोबरच जवळजवळ संपली. त्याची किंमत मोजली ती रुग्णांनी.

तेलापासून औषधापर्यंत

भाऊ दाजींनंतर या तेलाचे पुढे काय झाले, ते पाहिले की त्यांचे काम नेमके कुठे थांबले होते ते कळते.

कडू कवठ आणि त्याच्याच कुळातले चालमोगरा या झाडांच्या तेलांवर जगभर काम सुरू झाले. १९०४ च्या सुमारास लंडनमध्ये फ्रेडरिक पॉवर यांनी त्यातली मुख्य आम्ले वेगळी केली. आता तेलात काय आहे ते कळले. पण एक अडचण राहिली. तेल पोटात घेतले तर रुग्णाला मळमळ आणि उलट्या होत, इंजेक्शनने दिले तर ते दाट असल्यामुळे कातडीखाली गाठ होऊन बसे आणि फार दुखे. औषध होते, पण ते शरीरात नीट पोचत नव्हते.

ही अडचण हवाईमध्ये अ‍ॅलिस बॉल या तरुण रसायनशास्त्रज्ञ स्त्रीने १९१५-१६ च्या सुमारास सोडवली. तिने तेलातल्या आम्लांचे असे रूप तयार केले, जे इंजेक्शनने देता येई आणि शरीरात शोषले जाई. १९१६ च्या अखेरीस, अवघ्या २४ व्या वर्षी तिचा मृत्यू झाला. तिची पद्धत दुसऱ्याने आपल्या नावावर छापली, आणि तिला श्रेय मिळायला अनेक दशके लागली. त्याच सुमारास कोलकात्यात लिओनार्ड रॉजर्स यांनीही या तेलाची इंजेक्शनने देता येणारी रूपे वापरली. पुढची दोन-तीन दशके हेच कुष्ठरोगावरचे मुख्य औषध होते.

तरीही ते पुरेसे नव्हते. काहींना उपयोग होई, काहींना नाही. १९४० च्या दशकात सल्फोन गटातली औषधे आली, त्यातून डॅप्सोन आले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचार, म्हणजे एमडीटी, सुचवला. रिफाम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिन या औषधांनी कुष्ठरोग पूर्ण बरा होतो. प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने गोळ्या घ्याव्या लागतात. उपचार सुरू झाल्यावर थोड्याच काळात रुग्णापासून दुसऱ्याला संसर्ग होण्याचा धोका उरत नाही. या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळतात.

म्हणून आज कोणी तुम्हाला कुष्ठरोगावर कडू कवठाचे किंवा चालमोगऱ्याचे तेल पुरेल असे सांगितले, तर ते ऐकू नका. भाऊ दाजींनी ते वापरले, कारण त्यांच्याकडे दुसरे काहीच नव्हते. तुमच्याकडे आहे. उशीर झाला तर मज्जातंतू खराब होतात, आणि हाता-पायाची गेलेली जाणीव पुष्कळदा परत येत नाही.

एकाच नावाचे दोन आजार

जुन्या ग्रंथांत ‘कुष्ठ’ या एका शब्दाखाली त्वचेचे अनेक आजार येतात. त्यामुळे कोडालाही श्वेतकुष्ठ म्हणत. या नावामुळे कोडाच्या असंख्य रुग्णांना विनाकारण अपमान सोसावा लागला, कित्येक लग्ने मोडली. कोड हा कुष्ठरोग नाही, आणि तो स्पर्शाने पसरत नाही. त्यात शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर हल्ला करते.

घरी एक साधी खूण लक्षात ठेवा. कुष्ठरोगाचा चट्टा बहुधा फिकट किंवा लालसर असतो आणि त्यावर स्पर्श, उष्णता किंवा टोचलेले कमी कळते. कोडाचा डाग दुधासारखा पांढरा असतो आणि त्यावर संवेदना पूर्ण असते. पण ही खूण निदानासाठी पुरेशी नाही. चट्टा डॉक्टरांना दाखवाच.

बावची: उन्हात जागे होणारे तेल

कडू कवठासारखीच दुसऱ्या एका तेलाची गोष्ट आहे. कोडावर बावचीच्या बिया किंवा तेल लावून उन्हात बसण्याचा उपाय आपल्याकडे फार जुना आहे. १९३३ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी बावचीच्या बियांतून सोरालेन हा पदार्थ वेगळा केला. त्याचे नावच बावचीच्या शास्त्रीय नावावरून, सोरालिया या शब्दावरून, पडले आहे.

सोरालेन अंधारात फारसे काही करत नाही. सूर्यप्रकाशातले अतिनील-ए किरण त्यावर पडले की ते पेशींच्या आतल्या डीएनएला चिकटते. योग्य मात्रेत याचा परिणाम उपयोगी ठरतो. केसांच्या मुळाशी उरलेल्या रंगपेशी जाग्या होतात आणि डागात ठिपक्यांनी रंग येऊ लागतो. मात्रा जास्त झाली तर मात्र त्वचा भाजते, फोड येतात. हे भाजणे लगेच दिसत नाही. साध्या उन्हाच्या चटक्यापेक्षा ते उशिरा, एक दिवस उलटून गेल्यावर दिसू लागते आणि दोन-तीन दिवसांनी सर्वांत जास्त होते. त्यामुळे पहिल्या दिवशी काहीच झाले नाही म्हणून लोक दुसऱ्या दिवशी जास्त वेळ उन्हात बसतात आणि मग त्रास होतो. लिंबाचा रस हाताला लागून उन्हात गेल्यावर काळे डाग पडतात, त्यामागेही याच जातीचे पदार्थ असतात.

बाटलीतल्या बावचीच्या तेलात सोरालेन किती आहे, ते तुम्हाला कळत नाही. बी कुठले, तेल कसे काढले, यावर ते बदलते. एप्रिलमधले हिंगोलीचे दुपारचे ऊन आणि डिसेंबरमधले सकाळचे ऊन यांतही फार फरक आहे. म्हणजे औषधाची मात्राही माहीत नाही आणि प्रकाशाचीही. १९७४ मध्ये सोरालेनची मोजलेली मात्रा आणि दिव्यातून मोजलेले अतिनील-ए किरण एकत्र वापरण्याची पद्धत प्रसिद्ध झाली. तिला पुवा म्हणतात. त्यानंतर नॅरोबँड यूव्हीबी आली. त्यात ३११ नॅनोमीटरच्या आसपासचे किरण वापरतात आणि सोरालेन लागतच नाही. कोड आणि सोरायसिस दोन्हींसाठी आज बहुतेक ठिकाणी आधी हीच दिली जाते. आठवड्यातून साधारण दोन ते तीन वेळा, कित्येक महिने यावे लागते. लांबून येणाऱ्यांना हे अवघड जाते. पण प्रत्येक वेळी प्रकाश मोजून वाढवला जातो, हाच तिचा फायदा आहे.

औषध आहे, पण पोचते का?

अ‍ॅलिस बॉलपुढे जो प्रश्न होता, तोच आज नॅनो वाहकांच्या संशोधनात आहे. त्वचेचा सर्वांत वरचा थर जेमतेम कागदाएवढा किंवा त्याहूनही पातळ असतो, पण तो बाहेरच्या गोष्टी आत येऊ न देण्यासाठीच बनलेला आहे. तेल चोळले की त्यातले बरेचसे वरच राहते. नॅनो वाहक म्हणजे औषध आत घेऊन जाणारे अतिसूक्ष्म थेंब किंवा पिशव्या. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. हे थेंब साधारण काही दहा ते काही शे नॅनोमीटरचे असतात.

वसमत भागातल्या हळद उत्पादकांना हे समजावणे सोपे आहे. हळद पाण्यात टाकली तर ती तळाला बसते, फोडणीच्या तेलात मात्र तिचा रंग लगेच उतरतो. हळदीतला कर्क्युमिन हा पदार्थ पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. हळदीचा डाग पडलेले कापड उन्हात वाळवले की पिवळेपणा उडतो, हेही तुम्ही पाहिले असेल. म्हणजे कर्क्युमिन प्रकाश शोषून घेतो आणि त्यात बदलतो. निळ्या प्रकाशात त्यापासून जंतूंना आणि पेशींना मारणारे प्राणवायूचे तीव्र रूप तयार होऊ शकते. कर्क्युमिन सूक्ष्म थेंबांत भरून, त्वचेत पोचवून, वर निळा प्रकाश टाकण्यावर प्रयोग चालू आहेत. बावचीचे तेल आणि सोरालेन यांच्यासाठीही असे वाहक प्रयोगशाळांत तयार झाले आहेत. उद्देश हा, की कमी औषध, योग्य थरात, ठरलेल्या मात्रेत पोचावे.

ही कल्पना हवेतली नाही. उन्हामुळे त्वचेवर होणाऱ्या आणि पुढे कर्करोगात बदलू शकणाऱ्या एका प्रकारच्या खरखरीत चट्ट्यांसाठी अमिनोलेव्ह्युलिनिक आम्लाचे नॅनो थेंबांतले जेल लावून त्यावर लाल प्रकाश देतात. या जेलला युरोपात २०११ मध्ये आणि अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळाली. तिथे प्रत्येक गोष्ट ठरलेली आहे: औषध किती, किती तास लावायचे, प्रकाश किती.

हळद किंवा बावचीच्या नॅनो क्रीमबाबत अजून तसे काही ठरलेले नाही. म्हणून डब्यावर ‘नॅनो’ छापले आहे एवढ्यावर विश्वास ठेवू नका. औषध आत जास्त पोचते, याचा अर्थ चुकीचे औषधही आत जास्त पोचते. सोरालेनच्या बाबतीत तर भाजण्याचा धोकाही वाढू शकतो.

तुम्ही काय कराल?

कोणतेही तेल किंवा क्रीम वापरण्याआधी तीन प्रश्न विचारा. यात नेमके काय आहे आणि किती आहे? ते किती वेळ लावायचे आणि त्यावर किती प्रकाश चालतो? हे वापरलेल्या रुग्णांचे पुढे काय झाले, ते कोणी मोजून लिहिले आहे का? उत्तर देणारा टाळाटाळ करत असेल, किंवा हे गुपित आहे म्हणत असेल, तर ती बाटली परत करा.

याशिवाय पुढील गोष्टी लक्षात ठेवा.

चट्टा बधिर वाटत असेल, हाता-पायाला मुंग्या येत असतील, वस्तू हातातून निसटत असेल किंवा भाजलेले कळत नसेल, तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा रुग्णालयात लगेच जा. कुष्ठरोगाची तपासणी आणि गोळ्या मोफत आहेत.

फोटोथेरपी चालू असेल तर घरी लावत असलेले प्रत्येक तेल, लेप आणि पोटात घेतलेला काढा डॉक्टरांना सांगा. बावची लावून मशीनमध्ये उभे राहिलात तर गंभीर भाजू शकते. बावची पोटात घेतल्याने यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत.

सोरायसिसमध्ये जाड खपल्या असतील तर प्रकाश देण्याआधी खोबरेल तेलासारखे पातळ तेल हलक्या हाताने लावायला डॉक्टर कधी कधी सांगतात. त्यामुळे खपली पारदर्शक होते आणि प्रकाश आत जातो. जाड मलम किंवा सॅलिसिलिक आम्लाचे मलम मात्र प्रकाश अडवते. कोणते, कधी आणि किती, ते विचारूनच ठरवा.

तेल लावून उन्हात बसल्यावर लाली, आग किंवा फोड आले असतील तर तेल बंद करा, तो भाग झाकून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. लपवू नका. तुम्ही काय लावले ते कळले तर उपचार सोपा होतो.

आणि घरच्यांसाठी एक गोष्ट. कोड असो वा कुष्ठरोग, रुग्णाचे ताट, कपडे, अंथरूण वेगळे करण्याची गरज नाही. त्याला दवाखान्यात घेऊन जाणारे माणूस हवे असते.

भाऊ दाजींनी रस्त्यावर टाकलेल्या रुग्णांना दूर लोटले नाही. ज्या रोगाला त्या काळचे डॉक्टर हात लावायला कचरत, तो त्यांनी आपलासा केला आणि आपल्याच मातीतले झाड त्यासाठी वापरले. त्यांच्याकडून घेण्यासारखे हे पुष्कळ आहे. जे त्यांच्याकडून राहून गेले, ते तुमच्या हातात आहे. तुमच्या घरातली तेलाची बाटली डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा आणि त्यात काय आहे ते विचारा.